आतल्या यंत्राचे यजमान

सरांच्या घरी कुणीही गेलं की ते त्याला संगणकासमोरच्या खुर्चीवर बसवायचे आणि पडद्यावरच्या एका चौकटीत माउसने टिचकी मारायला सांगायचे. माणूस मारायचा. बाण त्या चौकटीत शिरायचा आणि तिथेच अडकायचा. कितीही ओढला तरी चौकटीच्या कडेवर आपटून थांबायचा. सर मागे हात बांधून उभे असायचे. समोरचा पुरता कावराबावरा झाला की ते पुढे वाकून कीबोर्डवरचं उजवीकडचं कंट्रोलचं बटण दाबायचे. बाण सुटायचा. मग ते म्हणायचे, "आत शिरायला अक्कल लागत नाही. बाहेर यायचं बटण आधी विचारावं."

हा प्रयोग त्यांनी सिलिंडर आणणाऱ्यावर केला, वीजमीटर वाचायला येणाऱ्यावर केला, सत्यनारायणाला आलेल्या भटजींवर केला. माझ्यावर तर चौकट चालू झाली त्या पहिल्याच दिवशी केला. मी बाहेर यायचं बटण विचारलं नाही. हात बाजूला घेऊन स्वस्थ बसून राहिले. ते त्यांना आवडलं नसावं. "ग्रंथपालबाई, तुम्ही प्रयत्नसुद्धा केला नाहीत," ते म्हणाले.

मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते आणि कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते. सर तंत्रनिकेतनात गणित शिकवून निवृत्त झालेले. घर गावाच्या वरच्या अंगाला, सड्यावरच्या कातळाच्या कडेशी. कुंपणाला चिऱ्याचा गडगा, आंब्याची चार कलमं, आणि पुढे पडवी. त्या पडवीत सरांची बायको टाइपसेटिंगचं काम करायची. मी तिला वहिनी म्हणायचे.

पडद्यावरच्या चौकटीत होता तो वहिनींचा संगणक. खरा नव्हे. खरा केव्हाच भंगारात गेला होता. नव्या संगणकात एक प्रोग्राम घालून ठेवलेला होता आणि तो प्रोग्राम दुसऱ्या संगणकाचं सोंग घ्यायचा. सोंग इतकं हुबेहूब, की त्यात जुनी प्रणाली सुरू व्हायची, सुरू होतानाचा तो जुना आवाज व्हायचा, निळ्या आभाळाखालची हिरवी टेकडी उगवायची, आणि टेकडीवर वहिनींनी मांडलेल्या फायली जिथल्या तिथे दिसायच्या. 'पत्रिका', 'लेबलं', 'दहावं-बारावं', 'माझं'. वहिनी तेव्हा वारलेल्या होत्या. संगणकाच्या आत संगणक बसवायची ही विद्या सर त्या गेल्यावर शिकले.

वहिनी होत्या तेव्हाचं सांगायला हवं. त्यांचं यंत्र खरोखरच जुनं होतं. पत्रिकेतला गणपती जरा डावीकडे सरकवायचा म्हटलं तरी पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरायला लागायचं. वहिनी मांडीवर सूप घेऊनच कामाला बसायच्या. घड्याळ फिरायला लागलं की तांदूळ निवडायच्या. "अगो, ह्या यंत्राने मला दुसरं काही दिलं नाही, पण आमच्या भातात खडा कधी लागला नाही," त्या म्हणायच्या.

नव्या यंत्राचा विषय त्यांनी माझ्यासमोर काढलेला मी अनेकदा ऐकला आहे. सर खिडकीशी वर्तमानपत्र वाचत असायचे.

"अहो, हे फार रखडतं आता."

"सुरू होतं ना?"

"होतं. पण..."

"मग चालतंय."

गणित तिथे सुटलेलं असायचं. सरांच्या मते वहिनींचं काम हा बाईमाणसाचा विरंगुळा होता. आलेल्या गिऱ्हाइकाला ते स्वतः कधी 'या' म्हणायचे नाहीत. आत तोंड करून फक्त हाक द्यायचे, "पत्रिकेवाल्या, तुमचं माणूस आलंय."

पत्रिका, आंब्याच्या पेट्यांची लेबलं आणि बाराव्याची पत्रं यांच्या मधल्या फटीत वहिनी गोष्टी लिहायच्या. हे फक्त मला ठाऊक होतं. बिघडलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर त्या गोष्टी छापून माझ्याकडे वर पाठवायच्या. मी चुका काढून खाली द्यायचे. एका बाजूला कुणाच्या तरी चिरंजीवाचा शुभविवाह आणि दुसऱ्या बाजूला वहिनींची गोष्ट. चांगल्या गोष्टी होत्या. ग्रंथालयात जन्म गेल्यावर माणसाला एवढं कळतं. त्यांत कुणी मोठ्याने रडायचं नाही, आणि वाचून झाल्यावर आपल्याला स्वयंपाकाला उठवत नसे. त्यांचं एक पुस्तक करायचं आम्ही ठरवलं होतं. माझ्या खुणा केलेले सगळे कागद त्या न्हाणीच्या भिंतीशी एका खोक्यात साठवत होत्या. चुका यंत्रात दुरुस्त करायला सवड झाली की करणार होत्या. लेबलांचा हंगाम संपला की.

एका सकाळी सरांनी ते खोकं बंबात रिकामं केलं. आंघोळीचं पाणी तापवायला ते नेहमीच पत्रिकेवाल्यांची रद्दी वापरायचे. मी खाली आले तेव्हा वहिनी न्हाणीच्या दाराशी उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "पाणी मात्र कढत झालं हो आज." एवढंच. नंतर म्हणाल्या, "जाऊ दे. यंत्रात आहे सगळं. तू परत चुका काढ."

तो परतचा हंगाम आला नाही. ऐन आंब्याच्या दिवसांत, लेबलांची घाई चाललेली असताना, वहिनी कीबोर्डवर कलंडल्या. मेंदूत रक्तस्राव. इथे काही होणार नाही, डॉक्टर म्हणाले, कोल्हापूरला न्या. आंबा घाटात, गाडीत, मला वाटतं वरच्या वळणांच्या आधीच, त्या गेल्या. मी बरोबर होते. सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि किती किलोमीटर राहिलं ते सांगत होते.

महिना उलटला असेल. घरी मोठमोठी खोकी आली. नवा संगणक, एवढा थोरला पडदा, वीज गेली तर चालावं म्हणून वेगळी बॅटरी. पडवीत वहिनींच्या डोक्यावर जो पंखा करकरत असायचा तो बदलला आणि यंत्र गार राहावं म्हणून भिंतीत एक दुसरा बसवला. झाडलोट करायला येणारी मावशी केरसुणी टेकवून बघत राहिली. जिन्यात मला गाठून म्हणाली, "बायको जित्ती व्हती तवा पंका बदलला न्हाय. आता ह्या डब्याला गार वारा! मरान बरं मग, न्हाय का?"

आजतागायत मला याहून नेमकं काही सुचलेलं नाही.

सरांचे डोळे तेव्हा मोतीबिंदूने अधू झाले होते. म्हणून त्या प्रोग्रामची माहितीपुस्तिका त्यांना मी वाचून दाखवावी असं ठरलं. ठरवलं त्यांनीच. "वाचा, पण अर्थ लावू नका," ते म्हणायचे. "अर्थ लावायची तुम्हा लोकांना खोड असते." मी वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि मग स्वतःच्या शब्दांत ते सगळं परत मांडायचे. बाहेरचा खरा संगणक तो यजमान. आतला तो पाहुणा. पुस्तिकेतही तसेच शब्द होते, पण सरांनी त्यांचा पार संसार करून टाकला.

पहिली अडचण आली ती दारातच. प्रोग्राम घातला, नवं यंत्र बनवा म्हटलं, तर तो म्हणाला, जमत नाही. दोन दिवस सर रागावून बसले. मग पुस्तिकेत सापडलं. ही सोय संगणकाच्या मेंदूत मुळातच असते, पण पुष्कळदा ती बंद करून ठेवलेली असते. संगणक सुरू होता होता एक बटण दाबून अगदी आतल्या सेटिंगमध्ये जायचं आणि ती चालू करायची. सरांना याचं फार आश्चर्य वाटलं. "म्हणजे असतं, पण बंद असतं," ते घोळवून घोळवून म्हणत राहिले. "आणि कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही."

नाही कळत, मी मनात म्हटलं.

मग पाहुण्याला स्मरणशक्ती किती द्यायची ते ठरवायचं होतं. आतल्या यंत्राला स्वतःची अशी काही नसते. बाहेरच्याने आपल्यातली काढून द्यायची. सरांनी आकडा वाढवत नेला तसा पडद्यावरचा पट्टा हिरव्याचा लाल झाला. तिथे त्यांचा नियम जन्माला आला. पुढे तो त्यांनी येईल त्याला ऐकवला: "पाहुण्याला निम्मं ताट. त्याहून जास्त वाढलंत, तर यजमान उपाशी मरतो आणि पाहुणाही जेवत नाही."

वहिनींची जुनी डिस्क काढून तिची एका मोठ्या फाईलमध्ये नक्कल करायची होती. ते काम दिवसभर चाललं. डिस्क मध्येच खडखडायची, थांबायची, परत चालायची. नक्कल पुरी झाली आणि पुढच्याच वेळी ती डिस्क जी गप्प झाली ती कायमची. वहिनींचं सगळं यंत्र आता ती एक फाईल होतं. ती चौकटीत जोडून सुरू केली, तर निळा पडदा आला आणि बंद. पुन्हा सुरू, पुन्हा निळा. पुस्तिकेत लिहिलं होतं की आतल्या डिस्कला नव्या पद्धतीने जोडलं तर जुनी प्रणाली तिला ओळखत नाही. जुन्याच पद्धतीने जोडावी. तसं केलं. काळ्या पडद्यावर पट्टी सरकत राहिली. मग तो आवाज झाला. टेकडी आली.

सर उठून उभे राहिले. "आली," म्हणाले.

आणि काय सांगू, किती झरझर आली! वहिनींचं ते रखडणारं यंत्र नव्या संगणकाच्या पोटात पाणी वाहावं तसं चालत होतं. 'लेबलं'वर टिचकी मारायचा अवकाश, आंबे हजर. वाळूचं घड्याळ उगवतं न उगवतं तोच नाहीसं. त्यात तांदळाचा एक दाणासुद्धा निवडून झाला नसता. मी सूप ठेवायची जागा बघत होते. सर डोळे पुसत होते. मला त्यांची कीव आली नाही.

यजमान झाल्यावर सरांनी कायदे केले. आतल्या यंत्राला इंटरनेट द्यायचं नाही. आतलं काही बाहेर न्यायचं नाही, बाहेरचं काही आत आणायचं नाही. आतलं घड्याळ वहिनी कलंडल्या त्या दिवशीच्या तारखेला लावून ठेवायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खूण. या प्रोग्राममध्ये आतल्या यंत्राची आहे त्या स्थितीत खूण करून ठेवता येते. नंतर आत काय वाटेल ते होवो, हुकूम दिला की यंत्र त्या खुणेवर परत जातं, मधलं काही घडलंच नव्हतं असं. सरांनी पहिल्याच दिवशी खूण केली. बंद करताना प्रोग्राम विचारायचा: आहे तसं झोपवू, रीतसर बंद करू, की सरळ वीज तोडू? वीज तोडायच्या खाली एक बारीक चौकोन असायचा, खुणेवर परत जाऊ का म्हणून. सर रोज वीज तोडायचे आणि त्या चौकोनात बरोबरची खूण करायचे. रोज सकाळी पूजा आटोपून हात धुऊन यंत्र सुरू करायचं. एखादं लेबल उघडायचं, बघायचं, मिटायचं. मग परत खुणेवर. म्हणजे वहिनींचा तो शेवटचा दिवस ते रोज नवा काढायचे आणि रोज पुसायचे.

नियम किती कडक होते ते एका बागायतदाराने पाहिलं. हंगाम तोंडावर आला होता आणि त्याला आपलं जुनं लेबल हवं होतं. वहिनींनी करून दिलेलं.

"ते आत आहे," सर म्हणाले.

"मग काढा की बाहेर."

"आतलं बाहेर येत नाही."

"सर, बाग माझी, आंबे माझे, लेबलावर नाव माझ्या बापाचं. आणि लेबल तेवढं आत?"

"बघायला मिळेल. बसा खुर्चीवर."

"बघून काय करू? पेटीवर डोळे चिकटवू?"

सरांनी त्याला खरोखरच बसवलं. बाण अडकवला, सोडवला, बटणाचं तत्त्वज्ञान ऐकवलं आणि रिकाम्या हाताने पाठवलं. गडग्याबाहेर स्कूटर सुरू करताना तो मला म्हणाला, "बाई, वहिनी बऱ्या होत्या हो. चहासुद्धा विचारायच्या."

मी प्रतीचा विषय एकदाच काढला. म्हटलं, "सर, या फाईलची एक नक्कल दुसरीकडे ठेवा. ग्रंथालयं प्रतींवर जगतात. एक जळली तर दुसरी असते."

ते गणिताच्या तासाला उभे राहावे तसे उभे राहिले. "दोन झाल्या तर त्यांतली ती कोणती?"

"दोन्ही."

"म्हणजे एकही नाही," ते म्हणाले. "एक असली तर आहे. दोन असल्या तर नुसत्या फायली आहेत."

वाद मी तिथेच सोडला. पडवीतल्या त्या चौकटीशी माझंही काम होतं. 'माझं' नावाच्या फाईलमध्ये वहिनींचं पुस्तक होतं, सगळ्या गोष्टी, सगळ्या चुकांसकट. मला ते पुस्तक हवं होतं. वहिनींना मी दिलेला शब्द तेवढा एकच होता आणि तो पाळायला तेवढी एकच जागा उरली होती.

रविवारी वाचायला बसायची परवानगी मिळाली. फोन ओटीवर ठेवायचा. कागद-पेन आणायचं नाही. सर मागे आरामखुर्चीत. आधी वहिनींच्या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामची किल्ली लावायची, म्हणजे संगणकाच्या कडेला खुपसायचं बोटाएवढं डोंगल. त्याशिवाय तो प्रोग्राम उघडत नसे. सरांनी त्याला काळा दोरा बांधला होता आणि ते जानव्याला अडकवून ठेवत. ते काढून देताना दर वेळी माझ्याकडे असं बघत, की जणू मी पळवून नेणार आहे.

मी वाचायची आणि हात राहवत नसे म्हणून आतल्या आत चुका दुरुस्त करत जायची. सर अडवत नसत. दिवस मावळायच्या आत ते उठत, बंद करत, चौकोनात खूण करत, आणि माझ्या सगळ्या दुरुस्त्या नाहीशा होत. पुढच्या रविवारी तीच पानं, त्याच चुका, जिथल्या तिथे. मी परत दुरुस्त करायची. पावसाळा गेला, गणपती गेले, मी तेच करत होते. वर जाऊन आठवेल तसं उतरून काढायचा प्रयत्नही केला. पण जे आठवायचं ते माझ्या भाषेत आठवायचं. वहिनींची वाक्यं माझ्या हाताखाली येताच शहाणी व्हायची.

सरांनी त्या गोष्टी कधी वाचल्या नव्हत्या. ते लेबलं बघत. एका रविवारी मला काय झालं कुणास ठाऊक, मी एक उतारा मोठ्याने वाचला. तो मला शब्दन्‌शब्द पाठ आहे.

'नवरा बाहेर निघताना घरातली सगळी बटणं बंद करायचा. पंखा, दिवा, रेडिओ. मग उंबऱ्यातून एकदा मागे वळून बायकोकडे असा बघायचा, की हिचं बटण कुठे असतं ते त्याला आठवत नसावं.'

मागे आरामखुर्ची वाजली नाही. मग सर म्हणाले, "पुढे?"

"पुढे ती सूप घेऊन बसते."

"मी असा होतो?"

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारे दिसत होते, अगदी एकटे. खोटं बोलणं सोपं होतं.

"होतात," मी म्हटलं.

ते उठले आणि बाहेर गेले. जाताना दाराजवळचं बटण दाबून पंखा बंद केला. मी आत बसलेली असताना. मग उंबऱ्यात थबकले, परत आले, पंखा लावला आणि निघून गेले.

पुढच्या रविवारी डोंगल आधीच लावून ठेवलेलं होतं. "त्या नवऱ्याला नाव नाही ठेवलंन," ते म्हणाले.

"नाही."

"बरं केलंन." मग म्हणाले, "चुका काढून घ्या. छापू. तिच्याच छपाईयंत्रावर, आतूनच. एकदाच."

त्यानंतरचे रविवार हे माझे त्या घरातले सर्वांत चांगले दिवस. सर दर वेळी, रोज सकाळीसुद्धा, 'आहे तसं झोपवू' निवडत आणि पुढच्या रविवारी यंत्र माझ्या दुरुस्त्यांसकट जागं होई. पहिल्यांदा माझी दुरुस्ती मला जागच्या जागी भेटली तेव्हा मी ते पान कितीतरी वेळ पुढे सरकवलं नाही. सर चहा करून आणू लागले. त्यात साखर कधी नसे, कधी दुप्पट असे. एकदा म्हणाले, "मी चहा केल्याची गोष्ट लिहिलीन का कुठे?" नव्हती लिहिली. त्यांना वाईट वाटलं.

शेवटचं पान झालं. मी हात कीबोर्डवरून उचलला. "उद्या शाई आणतो," सर म्हणाले. पुढे वाकले, बंद करायची खिडकी उघडली. मी डोंगलचा काळा दोरा गुंडाळत होते. टिचकीचा आवाज ऐकला आणि वर पाहिलं. पडद्यावर अक्षरं सरकत होती: मागच्या खुणेवर परत जात आहे.

वीज तोडलेली होती. चौकोनात बरोबरची खूण होती.

आम्ही दोघंही त्या पट्टीकडे बघत होतो. ती पुरी व्हायला फार वेळ लागला नाही. यंत्र जलद होतं.

"हाताला सवय," सर म्हणाले.

मी डोंगल त्यांच्यापुढे ठेवलं.

"पुन्हा करू. गोष्टी आहेत आत. चुकाच तर परत आल्या," ते म्हणाले.

ती सवय होती, की त्या नवऱ्याला छापून बाहेर जाऊ द्यायचं शेवटच्या क्षणी त्यांच्या हाताला पटलं नाही, ते मला माहीत नाही. त्यांनाही माहीत होतं असं मी समजत नाही. इतके रविवार न चुकलेला हात त्याच रविवारी चुकला, एवढं मात्र मी विसरलेले नाही.

पुन्हा करायला घेतलं होतं आम्ही. दुसऱ्या गोष्टीपर्यंत आलो असू. सर एका सकाळी पूजेच्या पाटावरच गेले. शांतपणे. सगळे म्हणाले, पुण्यवान.

मुंबईहून पुतण्या आला. मी पहिल्याच दिवशी त्याला ओटीवर गाठून सांगितलं, "पडवीतल्या संगणकाला हात लावू नका. त्यात तुमच्या काकूंचं लिखाण आहे." मुलगा वाईट नव्हता. "हो हो, मावशी, बघतो," म्हणाला.

तेराव्याचं जेवण आटोपल्यावर तो स्वतःच वर आला.

"मावशी, मी सगळं नीट शोधलं हं. काकूंचं लिखाण कुठेच नाहीये. सगळे फोल्डर रिकामे. एक फोटोसुद्धा नाही."

"चौकट उघडलीत का?"

"कसली चौकट?"

मला तेव्हा कळलं, पण तो बोलतच होता.

"मशीन मात्र झकास आहे! काकांना एवढं कशाला लागत होतं हो? आत एकच भली थोरली फाईल होती, निम्मी जागा खाऊन बसलेली. उघडेना सुद्धा. उडवली आणि सगळं फॉरमॅट करून घेतलं. माझ्या मुलांना होईल खेळायला."

त्याला वाटलं मी सरांसाठी रडते आहे. त्याने मला पाणी दिलं. जाताना एक खोकं दिलं: "हे काय आहे कळत नाही, तुम्हाला उपयोगी पडलं तर बघा." आत वहिनींच्या जुन्या सीड्या होत्या आणि काळ्या दोऱ्याचं डोंगल.

आता मी दुसरीकडे राहते, कारवांचीवाडीच्या बाजूला. घरात माझा साधा संगणक आहे. मागच्या महिन्यात मी त्यात तो प्रोग्राम घातला. जमत नाही म्हणाला. मी सुरू होता होता बटण दाबून आत गेले. माझ्याही यंत्रात ती सोय होती आणि बंद होती. ती चालू केली. पाहुण्याला निम्मं ताट दिलं. नवी कोरी डिस्क जुन्या पद्धतीने जोडली, वहिनींच्या सीडीवरून जुनी प्रणाली चढवली, मग अक्षरजुळणीचा प्रोग्राम. डोंगल लावलं, त्याचा बारीक दिवा लागला. निळं आभाळ आलं, टेकडी आली. टेकडीवर काही नव्हतं.

'माझं' नावाची फाईल केली आणि वहिनींच्या गोष्टी आठवायला बसले. सुपाची गोष्ट कुठून सुरू होत होती? घाटातल्या बसची गोष्ट होती, तिच्यात शेवटी कोण उतरत होतं? माझ्या दुरुस्त्या आठवतात. इथला स्वल्पविराम, तिथला तुटलेला परिच्छेद, पानाच्या तळाशी एकटी पडलेली ओळ. गोष्टी आठवत नाहीत. शब्दन्‌शब्द येतो तो एकच उतारा, कारण तो मी मोठ्याने वाचला होता. तेवढा मी टाइप केला. पंखा, दिवा, रेडिओ. उंबऱ्यातून मागे वळून बघणारा नवरा.

वहिनींच्या पुस्तकातलं एवढं उरलं. त्यांचा नवरा.

पुढे काही सुचेना म्हणून मी त्याच्याबद्दलच लिहीत गेले. बाण अडकवायचा त्याचा खेळ, त्याचे नियम, त्याचा बिनसाखरेचा चहा. पानं भरत गेली. आज शेवटापर्यंत आले आणि मागे जाऊन वाचून पाहिलं, तर वहिनी मधेच कुठेतरी सूप मांडीवर घेऊन बसलेल्या आहेत, एका बाजूला.

लिहायला बसले होते मी वहिनींवर.